चिमाजीची नोटीस भिवाच्या नावाने काढण्याबाबत

प्रति,
मा. बांधकाम सुरक्षा पाहणी अधिकारीसाहेब,
इमारत शाखा, पहिला मजला,
चिंचवड.

अर्जदार : सयाजी गेनबा शितोळे, वय ४७, धंदा बांधकामाचे ठेके, राहणार दापोडी, रेल्वे फाटकाच्या अलीकडे.

विषय : चिमाजी नावाच्या कामगाराच्या अपघाती मृत्यूची नोटीस मागे घेऊन, त्याऐवजी अर्जदाराविरुद्ध दुसरी व खरी नोटीस काढण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाच्या नोटिसा, नग चार, विमा कार्यालयाचे शोकपत्र, नग एक.

महोदय,

अर्जदार सविनय निवेदन करतो की, त्याने आजवर सरकारदरबारी पुष्कळ अर्ज केले, पण स्वतःविरुद्ध नोटीस मागण्याचा हा पहिलाच प्रसंग आहे. आपल्या कचेरीबाहेर चिंचेखाली बसून अर्ज लिहून देणारे अण्णासाहेब यांनी अर्जदारास दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, अर्जात ‘मी मी’ करू नये, ‘अर्जदार’ म्हणावे. दोन, अर्ज दीड पानात आटपावा. अर्जदाराने त्यांचे पहिले ऐकले आहे. दुसरे जमलेले नाही, त्याबद्दल आधीच माफी असावी.

१. अर्जदाराने दापोडीस फाटकापलीकडे कारखान्यांतील कामगारांच्या एका गृहसंस्थेची तीन मजली इमारत बांधावयास घेतली. सभासद बारा. संस्थेचे अध्यक्ष श्री. जयसिंग ओव्हाळ हे एका कंपनीत मशीनवर असून युनियनचेही काम पाहतात. ही बारा कुटुंबे आज भाड्याच्या एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात, आणि येत्या चौदा एप्रिलला नव्या घरात पाऊल टाकायचे असे त्यांनी ठरविले आहे. अर्जदाराने तसा शब्द दिला आहे. आज तारीख अकरा मार्च. आपल्या चौथ्या नोटिशीने काम बंद आहे आणि वीस मार्चला अर्जदाराचा ठेकेदारीचा परवाना रद्द का करू नये याची सुनावणी आहे. हे सर्व एका बुजगावण्यामुळे झाले, हे आपणास खरे वाटणार नाही. अर्जदारासही आधी वाटले नव्हते.

२. त्याचे असे झाले की, गेल्या दिवाळीनंतर तिसऱ्या मजल्याचा स्लॅब पडला आणि इतका सरळ पडला की येणारे-जाणारे थांबून तारीफ करू लागले. पाच जणांनी तारीफ केली तोवर अर्जदाराची पत्नी सौ. अंबुबाई गप्प होती. सहावा माणूस “वा, काय काम आहे!” म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी एका गवंड्याच्या पायावर घमेले पडले. झाले. अंबुबाईने जाहीर केले की इमारतीस दृष्ट लागली, आता वर बुजगावणे उभे केल्यावाचून पुढची वीट लावायची नाही.

बांधकामावर दृष्टीसाठी बुजगावणे टांगायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे. कोणी काळी बाहुली बांधतो, कोणी फाटकी चप्पल. परंतु अंबुबाई कोणतेही काम अर्धवट करीत नाही, हे अर्जदाराने एकवीस वर्षे भोगले आहे. तिने गोणपाट शिवून त्यात पेंढा ठासून भरला. अर्जदाराची जुनी पँट घातली. आपल्या भावाचा कंपनीचा खाकी शर्ट घातला, त्याच्या खिशाला पेनसुद्धा लावले. डोके म्हणून मडके बसवून त्याला चुन्याचे डोळे आणि कोळशाची मिशी काढली. मिशी अर्जदाराची आहे असे कामगारांचे म्हणणे पडले. उजवा हात वर केलेला. असा तो गृहस्थ तिसऱ्या मजल्याच्या अगदी कडेला, लोखंडी सळईला बांधून उभा करण्यात आला. पहिले चार दिवस मालकच वर उभे आहेत असे समजून खालच्या लोकांनी जे काम केले, ते अर्जदाराच्या सबंध हयातीत झाले नव्हते.

३. आता आपले पाहणी निरीक्षक श्री. अर्जुनराव यांच्याविषयी. अर्जदाराचे त्यांच्याशी वैर नाही. ते कर्तव्यदक्ष आहेत व त्यांची नजर लांबवर जाते. अडचण एवढीच की त्यांची जीप मुंबई-पुणे रस्ता सोडून फाटकाशी येते तेव्हा फाटक नेमके बंद असते. एक लोकल जाते, पाठोपाठ मालगाडी येते. तोवर साहेब जीपमध्ये बसूनच रुळांपलीकडच्या इमारतीची पाहणी उरकतात, आणि फाटक उघडले की जीप वळवून परत जातात. डिसेंबरच्या दोन तारखेस याच पद्धतीने पाहणी होऊन अर्जदारास पहिली नोटीस आली. तीत म्हटले होते : “तिसऱ्या मजल्याच्या कडेवर खाकी शर्टातील एक इसम हेल्मेट व सुरक्षापट्ट्याशिवाय अत्यंत धोकादायक स्थितीत उभा असून, त्यास खाली उतरण्याची खूण केली असता त्याने उलट हात हलविला. सात दिवसांत पूर्तता करावी.” हात वाऱ्याने हलला होता.

४. इथे अर्जदाराची चूक झाली आणि ती तो लपवू इच्छित नाही. सरळ कचेरीत जाऊन “साहेब, ते बुजगावणे आहे” एवढे चार शब्द बोलला असता तर हा अर्ज लिहावा लागला नसता. परंतु ठेकेदाराला एक खोड असते. नोटिशीला उत्तर दिले की पत्रव्यवहार वाढतो, आणि पूर्तता केली की फाईल बंद होते, हे वीस वर्षांत अंगवळणी पडलेले. नोटीस काय म्हणते ते करायचे, खाली ‘पूर्तता केली’ असे लिहायचे, पुढच्या कामाला लागायचे. नोटीस बरोबर आहे की चूक, हे ठेकेदार पाहातच नाही. शिवाय वास्तुशांतीआधी बुजगावणे उतरविलेस तर याद राख, असे घरातून बजावण्यात आले होते. अर्जदार आपल्या कचेरीस भितो हे खरे, पण घरी त्याला रोज जेवायचे असते.

तेव्हा अर्जदाराने भोसरीच्या एका भंगारवाल्याकडून पिवळे हेल्मेट एक नग आणले, बुजगावण्याच्या मडक्यावर घातले, कमरेला दोराचा पट्टा बांधला, आणि ‘पूर्तता केली आहे’ असे लिहून कळविले. हेल्मेट एकच आणले. नोटिशीत एकाच इसमाचा उल्लेख होता. त्या दिवशी त्याच मजल्याबाहेर बांबूंच्या परांचीवर अकरा जिवंत माणसे काम करीत होती, आठ बापे आणि तीन बाया, आणि एकाच्याही डोक्यावर फडक्याशिवाय काही नव्हते. हे वाक्य अर्जदाराने अण्णासाहेबांच्या सल्ल्याविरुद्ध लिहिले आहे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

५. दुसरी नोटीस आली ती गोड होती. हेल्मेट दिसले, समाधान वाटले, परंतु सदर इसमाचे नाव हजेरीपटात आढळत नाही, ते नोंदवून विम्याच्या यादीची प्रत पाठवावी. अर्जदाराची पाचावर धारण बसली. आता ते बुजगावणे आहे असे सांगावे, तर पेंढ्याला हेल्मेट घालून कचेरीची थट्टा केली असे होणार. अण्णासाहेबांनी चष्मा पुसत सल्ला दिला, “शितोळे, कागदावर तो माणूस झालाच आहे. आता त्याला नाव देऊन टाका, बिननावाचा माणूस जास्त त्रास देतो.” नाव अंबुबाईने ठेवले, चिमाजी. बारशाचे पेढे आणावे लागले नाहीत एवढेच.

चिमाजी हजेरीपटावर चढला. अर्जदार शपथेवर सांगतो की, वीस वर्षांत एकही खाडा न करणारा तो पहिला कामगार होय. तो तंबाखू मागत नाही, गावी जत्रा आहे म्हणून निघत नाही, उचल मागत नाही. बाकीच्या अकरा जणांची नावे मात्र हजेरीपटात नव्हती. आज आहेत, उद्या दुसऱ्या साईटवर जातील, कशाला वही भरायची, असा अर्जदाराचा विचार. आपल्या कचेरीनेही त्यांच्याविषयी विचारले नाही. फाटकापासून ते दिसत नसावेत. त्यांच्या डोक्यावर पिवळे काही नव्हते.

६. मग तिसरी नोटीस. “चिमाजी हा कामगार रविवारीही कामावर दिसतो. तसेच दुसऱ्या शिफ्टच्या वेळी, सायंकाळी साडेसातनंतरही तो कडेवर उभा आढळतो. साप्ताहिक सुट्टी व ओव्हरटाइमचा खुलासा करावा.” अर्जदाराने खुलासा न करता पूर्तता केली. दर शनिवारी संध्याकाळी भिवा साळवे नावाचा गवंडी चिमाजीला सळईवरून सोडवून, पाठुंगळी घेऊन खाली आणी व सिमेंटच्या कोठीत बाजेवर निजवी. सोमवारी सकाळी पुन्हा वर. भिवा लातूरकडचा. बोलतो कमी, पण बोलला की भिंतीत खिळा बसावा तसे बसते. तिसऱ्या शनिवारी तो चिमाजीला निजवून बाहेर आला आणि म्हणाला, “मालक, ह्यो पडून ऱ्हाणार आन् आमी उद्या बी माल कालवायचा. ह्येच्या अंगात पेंढा हाय म्हून ह्येला सुट्टी, आन् आमच्या अंगात हाडं हायती म्हून न्हाई, असं हाय का?” त्या शनिवारपासून रविवारची सुट्टी सर्वांस द्यावी लागली. हे आपल्या नोटिशीचे उपकार अर्जदार मानतो.

७. विम्याचे एजंट श्री. ज्योतीराम हे फॉर्म भरावयास आले. त्यांना उंचीची घेरी येते, म्हणून त्यांनी चिमाजीस खालूनच पाहिले. “प्रकृती सडपातळ, स्वभाव अबोल” असे त्यांनी स्वतः लिहिले. दारू पितो का, तर नाही. पूर्वीचा आजार, तर अंबुबाई म्हणाली, “ओलसर जागा सोसत नाही त्याला.” त्यांनी दमा लिहिला. वारस कोण, असे विचारताच ती म्हणाली, “मीच. मीच केलाय त्याला.” ज्योतीरामांनी अर्जदाराकडे पाहिले, पेन थांबविले, आणि सभ्य माणूस असल्याने पुढे काही न विचारता ‘मावशी’ असे लिहिले. तिसऱ्या मजल्याच्या कडेवर दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाची जोखीम मोठी, म्हणून हप्ताही मोठा लावला. अशा रीतीने संपूर्ण साईटवर नाव, हेल्मेट, पट्टा, सुट्टी आणि विमा असलेला कामगार एकच होता, आणि तो पेंढ्याचा होता.

८. याच सुमारास अध्यक्ष जयसिंगराव इमारत पाहण्यास आले. वर पाहून त्यांच्या कपाळावर आठी चढली. ते म्हणाले, “शितोळे, आमच्या लोकांनी हे दृष्टीबिष्टीचं खूळ कधीच सोडलंय. आमच्या पोरांनी रोज घरात शिरताना डोक्यावर ते सोंग बघायचं का? उद्याच्या उद्या खाली घ्या.” अर्जदाराने त्यांना तिन्ही नोटिसा दाखविल्या व चिमाजी आता रीतसर कामगार असून त्यास एकाएकी काढता येत नाही असे सांगितले. जयसिंगराव युनियनचे. त्यांनी नोटिसा दोनदा वाचल्या, घडी घालून परत दिल्या आणि म्हणाले, “बुजगावणं असेल तर आजच काढा. कामगार असेल तर मात्र काढून दाखवा, युनियन आहे आणि मी आहे. तो कोण आहे ते तुम्ही ठरवा आणि मला सांगा.” अर्जदार तीन दिवस ठरवीत होता. ते ठरण्याआधीच पुढील प्रकार झाला.

९. सोळा फेब्रुवारी, सकाळी साडेदहाचा सुमार. भिवा तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या अंगाला गिलावा करीत होता. परांचीचा बांबू सुंभाने बांधलेला. सुंभ जुना आहे हे अर्जदारास ठाऊक होते. या आठवड्यात बदलू, असे तो दोन आठवडे म्हणत होता. बांबू सरकला, भिवाचा पाय सुटला, आणि हाताला जे लागले ते त्याने धरले. हाताला चिमाजी लागला. सळईचा दोर तुटला व दोघे मिळून खाली वाळूच्या ढिगावर आले. खाली चिमाजी, वर भिवा.

अर्जदार त्या वेळी खाली विटा मोजून घेत होता. ते धावत जाणे, वाळूत गुडघे टेकणे, त्याला हाका मारणे, हे अर्जात कसे लिहावे ते त्याला कळत नाही, म्हणून तो लिहीत नाही. भिवाने डोळे उघडले तेव्हा अर्जदार रडला. ‘अर्जात रडू नये’ असे अण्णासाहेबांनी सांगितले नव्हते. भिवाचा डावा हात कोपराच्या वर मोडला होता. चिमाजीचे मडके फुटून सतरा तुकडे झाले होते आणि पिवळे हेल्मेट जसेच्या तसे बाजूला पडले होते, ओरखडासुद्धा नव्हता. भिवाने ते पाहिले. त्या कळांतही तो म्हणाला, “मालक, ह्येला डोस्कं न्हाई तर टोपी, आन् मला डोस्कं हाय तर फडकं. असं कसं वं?”

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या केसांतून पेंढा वेचून काढला व म्हणाले की, खाली हे नसते तर माणूस हाती लागला नसता. अंबुबाई म्हणते, पाहा, बुजगावण्याने दृष्ट स्वतःवर घेतली. जयसिंगराव म्हणतात, दृष्ट नव्हे, सुंभ. अर्जदाराचे मत जयसिंगरावांसारखे आहे, परंतु तो घरी तसे बोललेला नाही.

१०. त्याच वेळी फाटक बंद होते. श्री. अर्जुनराव जीपमध्ये होते. त्यांना पिवळे हेल्मेट तिसऱ्या मजल्यावरून खाली जाताना स्पष्ट दिसले. भिवाच्या डोक्याला बांधलेले फडके सिमेंटच्या रंगाचे, मागे भिंत सिमेंटची, तो दिसला नाही. त्यांनी मालगाडी जाण्याची वाट न पाहता तातडीने परत जाऊन अहवाल दिला, आणि दुसऱ्या दिवशी चौथी नोटीस आली : “चिमाजी या कामगाराचा उंचावरून पडून मृत्यू. काम तात्काळ बंद ठेवावे. मयताचा अथवा, मयत नसल्यास, कामगाराचा समक्ष ठावठिकाणा दाखवावा. अन्यथा परवाना रद्द करण्यात येईल व मृतदेह दडविल्याबद्दल प्रकरण पोलिसांकडे जाईल.” पाठोपाठ विमा कार्यालयाचे शोकपत्र आले. त्यात सौ. अंबुबाईस मावशी म्हणून दुःख सहन करण्याचे बळ मिळो अशी इच्छा व्यक्त करून मृत्यूचा दाखला मागितला आहे. अंबुबाईने ते पत्र दोनदा वाचायला लावले आणि दोन्ही वेळा डोळ्याला पदर लावला. मडक्याला मिशी काढताना तिला लळा लागला होता, असे ती म्हणते.

११. नोटिशीप्रमाणे कामगार समक्ष दाखविण्यासाठी अर्जदार अठ्ठावीस फेब्रुवारीस चिमाजीस टेम्पोतून आपल्या कचेरीत घेऊन आला. त्यास नवे मडके बसविले होते, पण त्यावर मिशी काढणे राहून गेले होते. त्यामुळे ओळख पटण्यास अडचण येऊ शकेल, अशी भीती वाटत होती. तसे काही झाले नाही. आवक खिडकीपुढच्या बाकावर त्यास बसविले. अकरापासून पाचपर्यंत तो बसून होता. शिपायाने त्यास दोनदा पाय आत घेण्यास सांगितले. महाळुंग्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने त्याच्या खिशाचे पेन मागून घेतले, अर्ज भरला, परत लावले आणि आभार मानले.

अखेर खिडकीवरच्या सुमनताई म्हणाल्या, “अहो शितोळे, मला दिसतंय ते काय आहे. मला डोळे आहेत. पण माझ्या रजिस्टरात ‘कामगार हजर’ आणि ‘कामगार मयत’ असे दोनच रकाने आहेत. पेंढ्याचा रकाना नाही. हजर लिहू तर त्याची सही पाहिजे, मयत लिहू तर दाखला पाहिजे. मी तरी काय करू?” अर्जदाराने त्यांच्या अडचणीबद्दल सहानुभूती व्यक्त केली. त्यांनी शेवटी शेऱ्यात लिहिले : “इसम समक्ष हजर. विचारले असता उत्तर देत नाही.” त्या शेऱ्याची नक्कल सोबत आहे. ते वाचून विमा कार्यालयाने कळविले आहे की, मयत इसम आपल्या कचेरीत सहा तास बसून होता, ही बाब संशयास्पद वाटते.

१२. महोदय, इथवर हसू आले असेल तर हरकत नाही. अर्जदारासही येत असे. परंतु भिवाचे तसे नाही. अर्जदार त्याच्या अपघाताचा कागद घेऊन विमा कार्यालयात गेला. तेथील साहेबांनी यादी पाहिली. भिवा साळवे नावाचा कामगार यादीत नाही. हजेरीपटात नाही. आपल्या निरीक्षकांच्या अहवालात सोळा तारखेस एकच इसम पडला, तो चिमाजी. सबब भिवा पडलाच नाही, असे ते म्हणाले. भिवा त्यांच्यासमोर उभा होता, हात गळ्यात बांधलेला. साहेबांनी त्याला बसावयास खुर्ची दिली, पण तो पडल्याचे मान्य केले नाही.

डॉक्टर म्हणतात, हाडे जुळतील, पण तो हात पूर्वीसारखा वर जाईल की नाही सांगता येत नाही. गवंड्याचा हात वर गेला नाही तर तो काय करील? अर्जदार त्याचा दवाखाना व रोज देत आहे आणि देत राहील, ते बोलण्याची गोष्ट नाही. पण हा अपघात कामावर झाला, ठेकेदाराच्या हलगर्जीपणाने झाला, एवढे कुठेतरी लिहिलेले असल्याशिवाय उद्या भिवाला कोणी दारात उभे करणार नाही. अर्जदार तरी किती दिवस पुरेल? विमा कार्यालयाचे म्हणणे साफ आहे. आपल्या कचेरीची नोटीस हाच त्यांच्या लेखी पुरावा. आणि आपल्या चार नोटिसांत भिवाचे नाव कुठेही नाही. ते अर्जदाराच्याच वहीत नव्हते, तर आपल्या नोटिशीत कुठून येणार?

अण्णासाहेबांनी सुटकेचा एक मार्ग सांगितला होता. चिमाजी राजीनामा देऊन निघून गेला असे लिहून द्यावे, डाव्या अंगठ्याच्या जागी पेंढ्याचा ठसा उमटवावा. मयत नाही, कामगार नाही, फाईल बंद, परवाना शाबूत. अर्जदाराने तो कागद तयारही केला होता. म्हणजे पुन्हा तेच, पूर्तता केली आहे. मग त्याला ते पिवळे हेल्मेट आठवले, आणि त्याने कागद फाडला.

१३. तरी विनंती की :

(अ) चिमाजी हा कधीही जन्मला नव्हता, सबब मेला नाही, अशी नोंद व्हावी. सुमनताईंच्या रजिस्टरात त्यासाठी तिसरा रकाना आखावा लागल्यास पट्टी व पेन्सिल अर्जदार देईल.

(आ) अर्जदाराविरुद्ध पाचवी नोटीस काढण्यात यावी. तिचा मजकूर पुढीलप्रमाणे असावा : ठेकेदार सयाजी गेनबा शितोळे याने अकरा कामगारांची नावे नोंदविली नाहीत, त्यांचा विमा उतरविला नाही, एकासही हेल्मेट दिले नाही, परांचीचा सुंभ जुना असल्याचे ठाऊक असून बदलला नाही; परिणामी भिवा तुकाराम साळवे, वय ३४, गवंडी, हा दि. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तिसऱ्या मजल्यावरून पडून जखमी झाला. हे सर्व अर्जदारास मान्य आहे. यात त्याचा परवाना जाणार असेल तर जावा. इतकी वर्षे पूर्तता करीत आला, एकदा गुन्हाही खरा कबूल करून पाहावा असे त्याला वाटते.

(इ) नोटिशीत भिवाचे नाव ठळक असावे. बाकी मजकूर कसाही चालेल.

(ई) बारा सभासदांचा यात काही दोष नाही. परांची नवी बांधली आहे, दोर नवा आहे, सर्वांची नावे वहीत चढली आहेत. अर्जदाराकडून नको असेल तर दुसऱ्या ठेकेदाराकडून, पण काम पुरे करण्यास परवानगी असावी, म्हणजे चौदा एप्रिलला ती माणसे आपापल्या दारातून आत जातील. बुजगावणे वर राहणार नाही. घरी तसे सांगून झाले आहे. त्यानंतरचे दोन दिवस अर्जदाराने कसे काढले ते या अर्जाच्या कक्षेत येत नाही.

(उ) पुढील पाहणीस श्री. अर्जुनराव यांनी फाटक उघडेपर्यंत थांबावे. दहा-बारा मिनिटे लागतात. पलीकडे चहा मिळतो.

याउपर काय लिहावे ते सुचत नाही. चुकले ते पोटात घालू नये, नोटिशीत घालावे.

आपला नम्र, आणि उशिरा शहाणा झालेला,
सयाजी गेनबा शितोळे
(सही)

दापोडी,
दि. ११ मार्च १९७८

सोबत :

१. नोटिसा चार व शोकपत्र, मूळ प्रती.

२. सुमनताईंच्या शेऱ्याची नक्कल.

३. डॉक्टरांचा दाखला, भिवाच्या नावाचा.

४. सुंभाचा तुकडा, तुटलेला, वीतभर.

५. हजेरीपट, अकरा नावांचा. चिमाजीचे नाव लाल शाईने खोडले आहे. अंबुबाईने ते पुन्हा वाचता येईल इतपतच खोडू दिले.

६. पिवळे हेल्मेट, एक नग, पुरावा म्हणून जोडावयाचे होते. जोडलेले नाही. नवी दहा आणली तेव्हा भिवाने नवे न घेता हेच उचलले. काम बंद आहे, तरी हेल्मेट-पट्टे घालायच्या सरावाला सगळे रोज साईटवर येतात; तोही येतो, वाळूच्या ढिगावर बसून एका हाताने बाकीच्यांचे पट्टे आवळून पाहतो, बायांचा पदर आत खोचायला लावतो. अर्जास जोडण्यासाठी अर्जदाराने हेल्मेट त्याच्याकडे दोनदा मागितले. दुसऱ्यांदा तो म्हणाला, “मालक, अर्जाला डोस्कं असतंय व्हय?” सबब ते त्याच्याच डोक्यावर ठेवले आहे.